व्हॉल्ट शिकणाऱ्या लहान जिम्नॅस्टचे हात: टेबलावरचा दोष बोर्डवर शोधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ वर्षांची एक मुलगी हँडस्प्रिंग व्हॉल्ट, म्हणजे धावत येऊन स्प्रिंगबोर्डवरून उडी घेत, टेबलावर हात टेकून उलटे पलीकडे जाणे, शिकत आहे. तिची धाव चांगली आहे आणि स्प्रिंगबोर्डची तिला भीती वाटत नाही. मात्र टेबलावर हात टेकताच तिची कोपरे वाकतात, खांदे पुढे सरकतात आणि उसळी मिळण्याऐवजी ती टेबलावरून घसरत पलीकडे उतरते. प्रशिक्षक तिच्याकडून रोज जोर काढून घेत आहेत, तरी फरक पडलेला नाही. हातांत ताकद कमी आहे की तंत्र चुकते आहे, आणि दुरुस्ती कोठून सुरू करावी, असे विचारले आहे.

या वयात असा दोष दिसला की माझा पहिला संशय हातांच्या ताकदीवर जात नाही, बोर्डवरच्या हातांवर जातो. टेबलावर जे बिघडलेले दिसते ते बहुतेक वेळा त्याआधीच, पाय बोर्ड सोडत असताना ठरून गेलेले असते. हात तोपर्यंत कानाजवळ पोहोचलेले नसतील तर मुलगी हवेत असताना ते टेबलाचा शोध घेत पुढे जातात, हात आणि धड यांमधला खांद्याचा कोन बंद राहतो आणि त्या बंद कोनावर सारे शरीर वेगाने येऊन आदळते. अशा वेळी कोपर न वाकणे एखाद्या प्रौढ खेळाडूलाही कठीण जाते. म्हणून जोर वाढवून हा दोष जात नाही, आणि टेबलावर पुन्हा पुन्हा नेऊन तर तो अधिकच मुरतो.

हे नीट समजण्यासाठी टेबलावर हातांचे नेमके काम काय असते ते पाहावे लागेल. हँडस्प्रिंगमध्ये हात टेबलावर साधारण ०.२ सेकंद टेकलेले असतात. एवढ्या वेळात कोपर वाकवून पुन्हा ताणणे आणि त्या ताणण्यातून शरीर वर फेकणे शक्य नसते, कारण कोपर वाकत असतानाच धावेतून आणि बोर्डातून मिळालेला वेग जिरून जातो. काठी तिरकी फेकली तर तिचे टोक जमिनीवर आपटून ती उलटून वर उसळते. त्याच वेगाने ओला दोर फेकला तर तो जागीच गोळा होतो. टेबलावर शरीराने काठीसारखे वागावे, एवढीच अपेक्षा असते. पुढे जाणाऱ्या वेगाचा काही भाग वर वळवायचा असेल तर मनगट, कोपर, खांदा आणि कंबर एका ताठ रेषेत असायला हवीत, आणि हात शरीराच्या पुढे टेकायला हवेत. हात टेकताना शरीर उभ्या रेषेच्या बरेच अलीकडे असावे आणि टेबल सोडताना त्या रेषेजवळ असावे. ती रेषा ओलांडून गेल्यावरही हात टेबलावरच असतील तर उसळी मिळण्याची वेळ निघून गेलेली असते आणि उरते ते नुसते रेटणे.

मग ब्लॉकमध्ये, म्हणजे ताठ हातांनी टेबलावरून घेतलेल्या या उसळीत, हालचाल होते तरी कोठे? ती खांद्याच्या पात्यांत होते. कोपर सरळ ठेवून खांदे कानांकडे उचलले की हाताची लांबी काही सेंटिमीटरने वाढल्यासारखी होते; हे उचलणे थोडेच असते, पण ते झटक्यात झाले की पुरेसे ठरते. येथे एक बारकावा आहे. टेकण्याच्या क्षणी खांदे आधीपासूनच ताणलेले आणि सक्रिय असायला हवेत. सैल खांदे टेकल्यावर प्रथम खाली दबतात आणि मग मूल त्यांना वर ढकलू पाहते. त्या दबण्यात निम्मा वेळ निघून जातो. म्हणून मुलांना ‘टेबलाला ढकल’ असे सांगणे मला पसंत नाही. ढकलायचे म्हटले की मूल आधी कोपर वाकवते, कारण रोजच्या आयुष्यात आपण वस्तू तशीच ढकलतो. त्याऐवजी ‘कान झाकून ठेव’ किंवा ‘खांद्याने उंच हो’ असे सांगितले तर अपेक्षित हालचाल पुष्कळदा आपोआप होते.

आता बोर्डकडे वळू, कारण खरा मुद्दा तेथेच आहे. धावताना कोपरे साधारण काटकोनात असावीत आणि हात पुढे-मागे जावेत. ते छातीसमोर आडवे फिरू लागले की खांदे डुलतात आणि शेवटच्या पावलांत दिशा बिघडते. हर्डलमध्ये, म्हणजे एका पायावरून दोन्ही पायांनी बोर्डवर येताना, हात खाली आणि किंचित मागे असावेत. पाय बोर्डला लागतात त्या क्षणी ते कंबरेजवळून पुढे येत असावेत आणि बोर्ड दबून परत उसळेपर्यंतच्या अवधीत, जो सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडा अधिक असतो, ते पुढून वर कानांपर्यंत पोहोचावेत. हात वेगाने वर जात असताना त्यांच्या प्रतिक्रियेने शरीर बोर्डवर अधिक दाबले जाते आणि बोर्डच्या स्प्रिंगा अधिक खोल दबतात. नंतर हात कानाशी येऊन एकदम थांबले की त्यांचा वेग धडाकडे जातो. हे थांबणे हालचालीइतकेच महत्त्वाचे आहे. हात वर जाऊन तसेच मागे वाहत गेले तर पाठीला बाक येतो, आणि बाक आलेले शरीर टेबलावर ताठ राहत नाही.

यात दोन प्रकारच्या चुका होतात आणि त्यांची दुरुस्ती वेगवेगळी आहे. पहिली चूक अशी की हर्डलमध्येच हात डोक्यावर जातात. फ्लोअरवर राउंडऑफसाठी (हात टेकून वळत दोन्ही पायांवर पाठमोरे उतरण्याच्या प्रकारासाठी) हर्डलमध्ये हात वर नेण्याची सवय लागलेल्या मुलांत ही फार आढळते. असे मूल बोर्डवर येते तेव्हा झोका घ्यायला हातच उरलेले नसतात. उलट ते वरून खाली येऊ लागतात आणि शरीर पुढे झुकते. दुसरी चूक उशिराची. हात मागे फार लांब जातात, पाय बोर्डला लागल्यावरही मागेच असतात आणि बोर्ड सुटताना जेमतेम छातीपर्यंत आलेले असतात. प्रश्नातील वर्णनावरून या मुलीची चूक दुसऱ्या प्रकारची असावी असे वाटते, परंतु अंदाजावर थांबू नये. मोबाइल टेबलाच्या नव्हे तर बोर्डच्या बाजूला, तिच्या कंबरेच्या उंचीवर स्थिर ठेवून मंद गतीचे चित्रीकरण करावे आणि चार जागी ते थांबवून पाहावे: पाय बोर्डला लागताना, पायाची बोटे बोर्ड सोडताना, तळहात टेबलाला लागताना आणि टेबल सोडताना. दुसऱ्या चित्रात दंड कानाला लागलेला नसेल तर तिसऱ्या चित्रातील वाकलेल्या कोपराचे कारण सापडले असे समजावे. दुसरे चित्र निर्दोष असूनही तिसऱ्यात कोपर वाकले असेल तरच खांद्याची लवचिकता, ताकद किंवा भीती यांकडे वळावे.

हाताचा झोका किती मोठा असावा याबद्दल प्रशिक्षकांत मतभेद आहेत. काही जण हात पुढून वर, मग मागून खाली असे पूर्ण वर्तुळ फिरवायला शिकवतात. चांगल्या वेगाच्या आणि लांब हर्डलच्या खेळाडूला त्यातून लय सापडते. लहान मुलांसाठी मी नेहमी छोटा, खालून वर येणारा झोका निवडतो. वर्तुळ पूर्ण करायला जो वेळ लागतो तो मुलाच्या आखूड हर्डलमध्ये मिळत नाही, आणि वेळ न मिळाल्याने मूल एकतर हर्डल उंच करते किंवा हात उशिरा आणते. उंच हर्डल म्हणजे धावेचा वेग बोर्डच्या अलीकडेच संपवणे होय. हर्डल सखल आणि लांब असावे, पाय कंबरेच्या पुढे येऊन बोर्डला लागावेत. छाती आधी आणि पाय मागे अशी स्थिती झाली की हात कितीही चांगले असले तरी मूल टेबलावर उडी घेण्याऐवजी पडते.

‘टेबलाकडे झेप घे’ ही सूचना या झुकण्याला हातभार लावते. मुलाला टेबल पुढे दिसते, म्हणून हात पुढे जातात. वास्तविक हात वर जायला हवेत आणि शरीर फिरता फिरता टेबल त्यांच्याखाली यायला हवे. बोर्ड आणि टेबल यांतील अंतरही तपासावे. बोर्ड फार दूर असेल तर मूल हात लांबवून टेबल पकडते, फार जवळ असेल तर हात वर पोहोचण्याआधीच टेबल येऊन आदळते.

उंचीचेही तसेच आहे. स्पर्धेत टेबलाची उंची महिलांसाठी १२५ सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी १३५ सेंटिमीटर असते, परंतु शिकणाऱ्या मुलाला या आकड्यांची घाई नाही. उंचीतील लहानसा फरकही हातांचे गणित किती बिघडवतो, हे २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दिसले होते. तेथे महिलांच्या वैयक्तिक सर्वंकष अंतिम फेरीत व्हॉल्टचा घोडा चुकून ५ सेंटिमीटर खाली लावला गेला होता आणि चूक लक्षात येईपर्यंत जगातील उत्तम खेळाडूही तेथे पडल्या. ज्यांचे तंत्र वर्षानुवर्षे पक्के झालेले असते त्यांची ही गत, तर नऊ वर्षांच्या मुलीसाठी टेबल तिच्या बेताचे असणे किती आवश्यक आहे हे वेगळे सांगायला नको. पुढच्याच वर्षी, २००१ पासून, घोड्याच्या जागी आजचे रुंद टेबल आले. त्यामुळे हात निसटण्याचा धोका घटला, मात्र हात कोठेही टेकले तरी चालतात असा एक निष्काळजीपणाही मुलांत आला आहे, असे माझे निरीक्षण आहे.

हात दोन्ही एकदम, खांद्यांच्या रुंदीइतक्या अंतरावर, बोटे मोकळी पसरून आणि पुढच्या दिशेला ठेवून टेकावेत. ते टेबलाच्या अलीकडच्या कडेवर नसावेत, निदान एक पंजाभर आत असावेत. हात फार रुंद पडले की खांदे वर उचलायला जागा राहत नाही. काही मुलांचे कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे, उलट बाजूला वाकते. अशा मुलांना ‘कोपर घट्ट लॉक कर’ असे कधीही सांगू नये, त्यांचे पंजे किंचित आत वळवावेत आणि सरळ म्हणजे कितपत सरळ हे हाताने दाखवून द्यावे. हात एकामागून एक टेकणे हा हँडस्प्रिंगमध्ये दोष आहे, तर त्सुकाहारा प्रकारात शरीर वळत येत असल्याने ते स्वाभाविक असते; त्यामुळे मोठ्या खेळाडूंचे पाहून लहानांनी हात मागेपुढे ठेवू नयेत. महिलांच्या गुणनियमांत वाकलेल्या कोपरांसाठी ०.५ पर्यंत गुण कापले जातात आणि एकच हात टेकल्यास २.० गुण जातात, पण या वयात गुणांपेक्षा सांध्यांचा विचार आधी करावा.

डोके दंडांच्या मध्ये असावे. हात दिसण्यासाठी नजर वर न्यावी, हनुवटी नव्हे. हनुवटी उचलली की छाती बाहेर येते, पाठ वाकते आणि खांद्याचा कोन पुन्हा बंद होतो.

दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. मुलीला पाठीवर झोपवून गुडघे वाकवायला सांगावे, कंबर जमिनीला टेकलेली ठेवावी आणि सरळ हात कानांजवळून डोक्यामागे जमिनीवर नेण्यास सांगावे. कंबर न उचलता हात जमिनीला टेकत नसतील तर तिला खांद्याचा कोन उघडता येतच नाही, आणि जे शरीरात नाही ते सूचना देऊन मिळणार नाही. अशा वेळी खांद्याची लवचिकता हा पहिला कार्यक्रम ठरतो आणि टेबल काही काळ थांबते.

चाचणी ठीक असेल तर मी काम दोन वेगळ्या धाग्यांत करून घेतो आणि ते लवकर एकत्र आणत नाही. एका धाग्यात फक्त खांदे असतात. पोट भिंतीकडे करून हँडस्टँड (हातांवर उलटे उभे राहणे), कोपरे सरळ, आणि केवळ खांदे खाली-वर करणे, आठ-दहा वेळा. मूल येथे फसवते: खांदे उचलल्याचा भास करून कंबर हलवते, म्हणून एक बोट तिच्या खांद्यावर ठेवून पाहावे. त्यानंतर पुशअपच्या स्थितीत, पाय थोड्या उंचीवर ठेवून, कोपर न वाकवता तळहातांनी छोट्या उड्या माराव्यात. हे जमले की चालत येऊन हँडस्टँडमध्ये जाताना हातांवर एक उडी मारणे आणि ताठ शरीराने पाठीवर जाड मऊ मॅटवर पडणे. ही उडी उभ्या रेषेच्या आधी व्हायला हवी. बहुतेक मुले आधी हँडस्टँडमध्ये पोहोचतात, क्षणभर थांबतात आणि मग उडी मारतात. ती कसरत म्हणून चांगली आहे, पण व्हॉल्टची वेळ तिच्यातून शिकता येत नाही. पाय जमिनीवरून सुटून वर येत असतानाच खांद्यांनी उत्तर द्यावे, हे मुलाला कळायला वेळ लागतो आणि तो वेळ देण्यात काही नुकसान नाही.

दुसऱ्या धाग्यात टेबल नसतेच. मुलीला बोर्डमागे एका ठेंगण्या ठोकळ्यावर उभे करावे, हात खाली. ठोकळ्यावरून दोन्ही पायांनी बोर्डवर यावे, हात खालून कानांपर्यंत यावेत, थांबावेत, आणि ताठ उभी उडी मारून समोरच्या मॅटवर दोन्ही पायांवर उतरावे. हात कानाशी थांबले नाहीत तर ती प्रत्येक उडी पुन्हा. त्यानंतर एक पाऊल आणि हर्डल, मग तीन पावले, मग पाच. पावले वाढली की वेग वाढतो आणि हात पुन्हा मागे पडू लागतात. तसे झाले की पावले कमी करावीत. वेग हा बक्षिसासारखा द्यायचा असतो. धावपट्टी नियमाप्रमाणे २५ मीटरपर्यंत असू शकते, परंतु ज्या मुलाचे हात पाच पावलांत वेळेवर येत नाहीत त्याला ती सगळी लांबी देण्यात अर्थ नाही.

हे दोन्ही धागे स्वतंत्रपणे पक्के झाल्यावर बोर्डसमोर मॅटची थप्पी लावावी, तिच्या छातीच्या खाली येईल एवढ्या उंचीची, आणि बोर्डवरून हँडस्टँडमध्ये येऊन ताठ पाठीवर पडू द्यावे. थप्पीच्या वरचा मॅट मऊ असेल तर हात त्यात रुततात, मनगट जास्त मागे वाकते आणि ब्लॉक झाला की नाही हे ना मुलाला कळते ना प्रशिक्षकाला. म्हणून हात टेकण्याच्या जागी एक कडक पॅनेल मॅट ठेवावा आणि पडण्याच्या जागी मऊ. साहाय्य करणाऱ्याने येथे संयम ठेवावा. एक हात खांद्यापाशी आणि दुसरा पाठीपाशी तयार असावा, पण मुलाला आधीच उचलून पलीकडे नेऊ नये. प्रत्येक वेळी कोणीतरी उचलत असेल तर खांद्यांना काम करण्याचे कारणच उरत नाही.

जोर पूर्ण बंद करावेत असे मी म्हणणार नाही, मात्र त्यांच्याकडून या दोषाच्या दुरुस्तीची अपेक्षा ठेवू नये. जोर मारताना कोपर वाकते आणि सरळ होते. व्हॉल्टमध्ये ते वाकू न देणे शिकायचे असते. त्यापेक्षा अर्धा मिनिट ताठ हँडस्टँड, प्लँक, आणि पाठीवर झोपून पोट आत घेऊन हातपाय उचललेली स्थिती धरणे यांचा उपयोग अधिक होतो, कारण कंबरेत ढिलाई असेल तर खांद्यातून आलेली उसळी तेथेच जिरते.

मनगटांबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. या वयात मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते आणि ती हाडाच्या मानाने कमकुवत असते. वारंवार भार पडून तिला इजा होऊ शकते आणि दुर्लक्ष केल्यास त्या हाडाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. हात टेकताना मनगटाच्या मागच्या बाजूला किंवा अंगठ्याच्या बाजूला दुखत असेल, अथवा कोपर बाहेरच्या बाजूने दुखत असेल किंवा पूर्ण सरळ होत नसेल, तर पट्टी बांधून सराव चालू ठेवू नये. हातांवरचा भार त्या दिवसापासून थांबवावा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. त्या काळात धाव, हर्डल आणि बोर्डवरची उडी यांचे काम चालू ठेवता येते, त्यामुळे सराव बुडत नाही. दुखत नसले तरी एका सत्रात हात टेकण्याची संख्या मोजलेली असावी. या वयाच्या मुलीसाठी पूर्ण धावेचे दहा-बारा व्हॉल्ट मला पुरेसे वाटतात; त्यापुढे थकव्याने कोपर वाकतेच, आणि वाकलेल्या कोपराचीच सवय लागते.

टेबल सोडल्यावर हात कानाजवळच ठेवावेत, उतरताना पाय जमिनीला लागल्यावर ते पुढे आणावेत. हवेत असताना हात लवकर खाली आणले की छाती पुढे झुकते आणि उतरताना पावले पडतात. याहून अधिक काही या टप्प्यावर शिकवण्याची गरज नाही. राउंडऑफ घेऊन पाठमोरे टेबलावर येण्याचा युर्चेंको प्रकारही सध्या दूर ठेवावा. त्यात हातांची दिशा, नजर आणि सुरक्षेची व्यवस्था सगळेच वेगळे आहे, आणि बोर्डभोवती सुरक्षा कॉलरशिवाय (बोर्डला वेढणाऱ्या मऊ गादीशिवाय) तो कोणत्याही वयात करू नये.

टेबलावर परत नेण्याची वेळ चित्रीकरणावरून ठरवावी. कडक मॅटवर पाच पावलांच्या धावेने बोर्ड सुटताना दंड कानाशी आहेत आणि टेकताना कोपर सरळ आहे असे सलग काही प्रयत्नांत दिसले, की टेबल शक्य तितके खाली घेऊन, त्यामागे टेबलाच्याच उंचीची मॅटची थप्पी लावून, तीच पाच पावले द्यावीत. पहिले काही दिवस तिने पाठीवरच पडावे, पायांवर उतरण्याचा विचार करू नये. कोपर एकदा वाकले तर दुर्लक्ष करावे, सलग दोनदा वाकले तर त्या दिवसापुरते टेबल बंद करून ठोकळ्यावरून बोर्डवर येण्याच्या उडीकडे परत जावे. टेबल वर घेणे आणि धाव लांबवणे ही दोन्ही कामे एकाच आठवड्यात करू नयेत.